‘नवरा’ शब्दातला ‘नव’

लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी मराठी माणूस ‘नवरा’च राहतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘नुकताच बोहल्यावर चढलेला’ असा आहे. संस्कृत ‘नववर’ म्हणजे नवा वर, आणि ‘वर’ हा ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूतून आलेला.

‘नववर’चा ‘नवरा’ होताना लागोपाठच्या दोन ‘व’पैकी एक गळला. शेवटचा ‘आ’ आला तो ‘क’ प्रत्ययातून. ‘घोटक’चा ‘घोडा’ झाला, तसाच ‘नववरक’चा ‘नवरा’. कोकणीत या ‘आ’च्या जागी ‘ओ’ येतो, म्हणून तिथे घोडो आणि न्हवरो. जुन्या मराठी काव्यात ‘नोवरा’, ‘नोवरी’ अशीही रूपं भेटतात. ‘अव’चा ‘ओ’ करणं ही मराठीची जुनी खोड आहे: ‘लवण’चं ‘लोण’ झालं (लोणचं त्यातलंच), ‘नवनीत’चं लोणी. नवनीत म्हणजे ताजं काढलेलं. तेव्हा लोण्यातला ‘नव’ आणि नवऱ्यातला ‘नव’ एकच!

‘न’ अधिक ‘वर’, म्हणजे चांगला नव्हे तो नवरा, ही फोड हसण्यापुरती ठीक. संस्कृतात व्यंजनापुढे नकार सहसा ‘अ’ने होतो, म्हणजे शब्द ‘अवर’ झाला असता. शिवाय ‘नोवरा’तला ‘ओ’ त्या फोडीत कुठेच बसत नाही.

जोडीतली ‘नवरी’ मात्र फार टिकत नाही. लग्नघरातली गडबड संपली की ती ‘बायको’ होते. नवरा तेवढा शब्दासकट पुढे चालत राहतो. कोकणीने इथे जास्त काटेकोरपणा दाखवला. न्हवरो आणि व्हंकल लग्नापुरते, संसारात घोव आणि बायल.

‘बायको’ हा शब्द ‘बाई’च्या घरातला. मोल्सवर्थच्या कोशाने (1831, सुधारित आवृत्ती 1857) त्याचे पत्नी आणि स्त्री असे दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. एकवचनात आता पहिलाच अर्थ उरला, पण अनेकवचनात दुसरा ठणठणीत आहे. ‘हळदीकुंकवाला बायका जमल्या’ यात कुणाच्या बायका, असं कोणी विचारत नाही. ‘त्याला दोन बायका’ म्हटलं की अर्थ लगेच पालटतो. शिवाय ‘बायको’चं ‘बायका’ हे व्याकरणाच्या पुस्तकांना स्वतंत्र नोंद करायला लावणारं रूप आहे. ओकारान्त स्त्रीलिंगी नामं मराठीत जवळजवळ नाहीतच.

‘नवरा’ शब्दातला शेवटचा ‘आ’ दोन ठिकाणी त्रास देतो. पहिला लिहिताना. सामान्यरूप ‘नवऱ्या’ होतं, आणि टंकताना र, हलन्त, य असं दाबलं की ‘नवर्या’ उमटतं, म्हणजे ‘आर्य’मधला रफार. इथे नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन पुढे हलन्त आणि य द्यावा लागतो. फरक नुसता दिसण्याचा नाही: ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या.

दुसरा त्रास जास्त रंजक. मराठीत आदर दाखवायला अनेकवचन वापरतात. काका, मामा, आजोबा ही नात्याची नावं तेव्हा बदलत नाहीत, म्हणून ‘माझे काका आले’ सहज चालतं. ‘नवरा’चं मात्र ‘नवरे’ होतं, आणि ‘माझे नवरे आले’ म्हटलं तर ऐकणारा दाराकडे बघून मोजायला लागेल. ‘दादला’चीही तीच गत. मग ज्या पिढ्यांना एकेरी ‘माझा नवरा’ म्हणणं प्रशस्त वाटत नव्हतं, त्यांनी ‘हे’ म्हणून भागवलं, किंवा अनेकवचनात न बदलणारे शब्द धरले: मालक, धनी, कारभारी, यजमान.

यातला ‘यजमान’ थेट यज्ञातून आला. ‘यज्’ धातूवरून, स्वतःसाठी यज्ञ करणारा तो यजमान. त्याच्या शेजारी बसणारी ‘पत्नी’ही तिथलीच. पाणिनीचं सूत्र आहे ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’ (4.1.33): यज्ञाशी संबंध असेल तेव्हा ‘पति’चं स्त्रीलिंगी रूप ‘पत्नी’. आज यजमान म्हणजे जेवायला बोलावणाराही, त्यामुळे ‘यजमान घरी नाहीत’ या वाक्यात घोटाळा होऊ शकतो.

शहरात पुढे ‘मिस्टर’ आले. ‘माझे मिस्टर बँकेत आहेत’ म्हटलं की आदरही राहतो आणि मिस्टर किती, असा प्रश्नही कुणाला पडत नाही.