अकरा वाजून दहा मिनिटं

जानेवारी २०१८मध्ये व्हाइट हाउसच्या डॉक्टरांनी जाहीर केलं, की डोनाल्ड ट्रम्प यांना ‘मोका’ या, स्मृतिभ्रंशाची शंका तपासणाऱ्या चाचणीत ३०पैकी ३० गुण पडले. पुढे ट्रम्प यांनी ते गुण हुशारीचं प्रशस्तिपत्र असल्यासारखे मिरवले. गंमत अशी, की या चाचणीत हुशारी मोजायची सोयच नाही. मेंदूविकारतज्ज्ञ झियाद नसरेद्दीन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेली ही साधारण दहा मिनिटांची चाचणी म्हणजे निव्वळ चाळणी. पीठ चाळणीतून खाली उतरलं म्हणून गहू उंची ठरत नाही. गुण २६च्या खाली गेले तर पुढच्या तपासण्या करायच्या, एवढाच तिचा अर्थ.

त्यातलं एक काम मात्र मला भारी आवडतं. घड्याळाचा गोल काढा, आकडे लिहा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गुण फक्त तीन: एक गोलाला, एक आकड्यांना, एक काट्यांना.

ही वेळ म्हणजे मुद्दाम लावलेला सापळा आहे. ‘अकरा’ ऐकलं, तासकाटा अकराकडे गेला. मग कानावर येतं ‘दहा’, आणि तबकडीवर अकराला खेटूनच दहा बसलेला! हात तिकडे ओढला जातो. ही ओढ थोपवायचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. ती रोखून धरायची, पाचाचा पाढा मनात उलटा फिरवायचा, दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा हे काढायचं आणि तोवर मूळ सूचना विसरायची नाही. हा लगाम सैल झाला की काटे थेट दहा आणि अकरावर जाऊन बसतात. ‘सव्वाअकरा’ दाखवायला सांगितलं असतं तर सापळाच उरला नसता, कारण त्या शब्दात मिनिटांचा आकडाच नाही.

बाकीच्या चुकाही बोलक्या असतात. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले दिसले तर मेंदूच्या उजव्या पराइटल (वरच्या-मागच्या) भागाला इजा झाल्याची शंका येते, कारण तशा रुग्णाच्या लेखी डावी बाजू जणू नसतेच. मनाने काढलेलं घड्याळ बिघडलं, पण समोरचं पाहून नीट उतरवता आलं, तर नजर-हाताचा मेळ बहुधा शाबूत आहे. घोळ नियोजनात किंवा ‘घड्याळ’ या कल्पनेतच आहे. दोन्ही बिघडली तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसती बेरीज पाहणाऱ्यापेक्षा कागद पाहणाऱ्या डॉक्टरवर माझा जास्त विश्वास.

अशा चाचण्या स्किझोफ्रेनियातही घेतात. या आजाराला जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने ‘अकाली आलेला बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं, पण घसरणीचा नमुना स्मृतिभ्रंशाचा नाही. तिथे वेगाला मोठा फटका बसतो. स्किझोफ्रेनियासाठीच्या ‘बॅक्स’ या चाचणीसंचात चिन्हं आणि आकडे यांच्या जोड्या समोरच छापलेल्या असतात. ९० सेकंदांत चिन्हांखाली आकडे भरत जायचं. पाठ काहीच करायचं नाही, तरी हात मागे पडतो. घरचे त्याला आळस म्हणतात, कुणी बाधा म्हणतं, आणि गंडेदोरे सुरू होतात.

‘घरबसल्या अल्झायमर ओळखा’ छापाचे फॉरवर्डही त्याच माळेतले. ऐकू कमी येणं, हरवलेला चष्मा, नैराश्य, बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, यांतलं काहीही गुण पाडू शकतं. आणि शाळाच न पाहिलेल्या आजीचं काय? मोका बारा वर्षांपर्यंत शिकलेल्यांना एक गुण वाढवून देते. अक्षरओळख नसेल तर त्याने काय होणार? मोकासारख्याच, १९७५च्या ‘एमएमएसई’ चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांसाठी तिचं हिंदी रूप तयार झालं, त्यात तो कागद वगळला. वाक्य लिहायच्या जागी स्वतःच्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. आणि डोळ्यांच्या वेळी तपासणारा म्हणतो, ‘माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा’, आणि आपणच डोळे मिटून घेतो.