हिरवा कफ पडला म्हणजे अँटिबायोटिक हवंच?

"कफ हिरवा पडायला लागलाय, एखादी अँटिबायोटिक द्या." पावसाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर हे हमखास ऐकू येतं. रंग बदलला म्हणजे बॅक्टेरिया शिरले, हा समज जुना आणि चुकीचा. तो हिरवेपणा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

फ्लूचंच घ्या. विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत घुसतो आणि स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय मजकुराच्या, प्रती काढू लागतो. पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन पहाऱ्यावर असतं. या परक्या आरएनएचं टोक त्याला बरोबर ओळखू येतं. मग पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते. (इंटरफेरॉनचा शोध 1957 साली लंडनमध्ये लागला, तोही फ्लूच्या विषाणूवर काम करतानाच.) शिवाय इंटरल्युकिन-8 सारखे रासायनिक सांगावे धाडून रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, अस्तर सुजतं, कफ वाढतो.

न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे लोहयुक्त एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि त्याचा रंगच मुळी हिरवा. या पेशी मरून कफात मिसळल्या की बेडका हिरवट दिसतो, मग बॅक्टेरिया असोत वा नसोत.

अँटिबायोटिक विषाणूचं काहीही वाकडं करू शकत नाही. जुलाब मात्र लावू शकते. फ्लूनंतर काहींना बॅक्टेरियाचा न्यूमोनिया होतो, हेही खरंच. पण त्याची शंका येते ती उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, ऑक्सिजन घसरला तर. तेव्हा डॉक्टरांना लगेच गाठावं, कफ पांढराशुभ्र असला तरी.