खचलेल्या डोंगरावरची रंगीत वलयं

भूकंपाचा जरासा धक्का बसला की कोल्हापुरात मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो: ज्योतिबाचा डोंगर हा झोपलेला ज्वालामुखी आहे, कधीही जागा होईल. सोबत एखादी ग्रहयुतीही जोडलेली असते. लोकांना असं घाबरवणं मला मनापासून खटकतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा. डोंगराला आकार दिला तो नंतर पावसापाण्यानं.

जिवंत ज्वालामुखीची जमीन हलते. पोटात शिलारस साठला की ती फुगते आणि उद्रेकानंतर वाफ गेलेल्या भाकरीसारखी बसते. हे बसणं कधी काही सेंटिमीटरच असतं, तेही कित्येक किलोमीटर पसरलेलं, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. जपानच्या साकुराजिमाचा 1914 मध्ये उद्रेक झाला, तेव्हा लेव्हलिंग करून, म्हणजे जमिनीवरच्या खुणांची उंची पुन्हा मोजून, हे बसणं टिपलं होतं. आज सेंटिनेल-1 सारखा उपग्रह 700 किलोमीटरवरून मोजतो.

तो 5.6 सेंटिमीटर लांबीची रडारलहर सोडतो. ती परतली की तिची कला टिपतो, म्हणजे लहर त्या क्षणी शिखरावर होती की दरीत. 12 दिवसांनी तिथूनच पुन्हा तेच. मधल्या काळात जमीन त्याच्यापासून 2.8 सेंटिमीटर लांब गेली, तर जाऊन येण्याचं अंतर 5.6 नं वाढतं. बरोबर एक लहर! कला मूळपदावर येते. कलेतल्या फरकाला रंग दिले की नकाशावर वलयं उमटतात, आणि दर वलय 2.8 सेंटिमीटरचं. पण एक लहर वाढली की तीन, हे एकट्या ठिपक्यावरून सांगता येत नाही, कारण कला दोन्ही वेळी तीच. म्हणून दूरच्या, न हललेल्या जमिनीपासून वलयं मोजत मुखाकडे यायचं. चार वलयं भरली तर जमीन उपग्रहापासून सुमारे 11 सेंटिमीटर लांब गेली.

हवेतली वाफही लहरीला उशीर करते आणि खोटी वलयं काढते. इटलीतल्या एटनाच्या 1991-93 च्या उद्रेकानंतर दिसलेल्या वलयांत हवेचाही वाटा होता, हे पुढच्या तपासात दिसलं.

दुसरी अडचण हिरवाईची. आपल्याकडचा उसाचा फड घ्या. 12 दिवसांत पानं वाढतात, वाऱ्यानं हलतात. आखूड लहर पानांवरूनच परतते आणि दोन वेळच्या कलांचा मेळ बसत नाही. जंगलानं झाकलेल्या ज्वालामुखीवरही तेच होतं. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर म्हणूनच 24 सेंटिमीटरच्या लहरीचंही रडार आहे. ती पानांतून बरीचशी खाली उतरते. तिचं एक वलय 12 सेंटिमीटरचं, पण झाडीतही वाचता येण्याजोगं.