स्टॅबिलायझरने टीव्हीवरच्या रेघा जात नाहीत

मे महिन्यात नागपुरात कूलर सुरू झाला की टीव्हीवर रेघा येतात, अन् शेजारी सांगतात, "व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर घ्या." त्यात पैसे घालू नका. स्टॅबिलायझर फक्त व्होल्टेज सांभाळतो. रेघा येतात ठिणग्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरींमुळे. केबलचा सैल जोड त्या पकडतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशवर, ढिल्या प्लगमध्ये ठिणग्या उडतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही सेकंदाला 100 वेळा करंट तोडतो-जोडतो.

ठिणग्या कुठे उडतात ते शोधायला सेलवरचा रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरवा; ठिणग्यांजवळ खरखर वाढते. आमच्याकडे खरखर वाढली ती कूलरच्या प्लगपाशी. पिन काळी पडली होती. मेन स्विच बंद करूनही खरखर राहिली, तर दोष बहुधा बाहेरचा. काळवंडलेला सॉकेट मात्र आजच बदलून घ्या, त्याने आग लागू शकते.