कुटुमसर गुहा

छत्तीसगढच्या बस्तर जिल्ह्यातील चुनखडकात पाण्याने कोरलेली नैसर्गिक गुहा. जगदलपूरपासून सुमारे ४० कि.मी. अंतरावर, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात ती आहे. कोटमसर, कोटुमसर अशीही तिची नावे लिहिली जातात आणि ‘गोपनसर’ हे जुने नावही सांगतात. आसपासच्या गावांना ती आधीपासून ठाऊक होती. अभ्यासकांच्या जगात तिला आणण्याचे श्रेय भूगोलतज्ज्ञ डॉ. शंकर तिवारी यांच्याकडे जाते. त्यांनी १९५० च्या दशकात तिचे सर्वेक्षण केले. उद्यानाची स्थापना १९८२ ची.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात ‘गुहा’ म्हटले की अजिंठा-वेरूळ उभे राहते. ती लेणी आहेत, माणसाने छिन्नीने बेसाल्टात घडवलेली. बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून सह्याद्रीत अशी गुहा सहसा सापडत नाही. चुनखडक मात्र विरघळतो. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेत खाली झिरपते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगा हळूहळू रुंदावत नेते. पुढे तेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने बाहेर येते, तेव्हा त्यातला वायू निसटतो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने मागे राहतो. छताला लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर येतो तो ऊर्ध्वमुखी. शालेय भूगोलातले हे शब्द रुळलेले आहेत, पण त्यातल्या ‘लवण’चा अर्थ मीठ असा घेऊ नये, हा सगळा चुना आहे. कोवळ्या अधोमुखी स्तंभाचे टोक बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले तर तो आतून पोकळ असल्याचे कळते. पाणी नळीतून खाली येते, टोकाशी थेंब धरतो, बराच वेळ थरथरतो आणि मग सुटतो. सुटण्याआधी तो नळीच्या काठावर चुन्याचे नुसते एक वलय सोडतो. अशा असंख्य वलयांचा तो स्तंभ असतो.

या गुहेत एकट्याने जाता येत नाही. वनविभागाच्या नाक्यावर तिकीट काढायचे, जिप्सीतून सालवनातला रस्ता पार करायचा आणि तोंडाशी जमलेल्या गटाबरोबर स्थानिक वाटाड्यासोबत आत उतरायचे, अशी पद्धत आहे. वाटाडे जवळपासच्या गावांतले, बरेचसे धुरवा या आदिवासी समाजातले असतात. हिंदीत माहिती देतात, आपापसात धुरवा किंवा हलबी बोलतात. हलबीत मराठीची छाया आहे, त्यामुळे कान देऊन ऐकले तर एखादा शब्द ओळखीचा लागतो.

प्रवेश डोंगराच्या कुशीतल्या एका अरुंद फटीतून आहे. जिना उतरताना अंग चोरावे लागते, पुढचा माणूस खाली पोहोचेपर्यंत मागच्याने थांबावे लागते. तळाशी गेल्यावर मुख्य भुयार सुमारे २०० मीटर लांब जाते आणि त्याला बाजूच्या वाटा फुटतात. आत कायमची वीज नाही. दिवा वाटाड्याच्या हातात असतो, आणि हीच या भेटीची खरी गंमत आहे. उजेड जिथे फिरेल तेवढीच गुहा असते. बाकीच्या काळोखातून फक्त थेंबांचा आवाज येतो. हवा दमट आणि जवळजवळ स्थिर तापमानाची, सुमारे २८ अंश सेल्सियस. काही मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात. पायाखाली चिखल आणि निसरडा खडक असल्याने पकड असलेले बूट लागतात. भुयाराच्या शेवटी शिवलिंगासारखा ऊर्ध्वमुखी स्तंभ आहे, तिथे लोक हात जोडतात. वाटाडे स्तंभांत हत्ती, नंदी, जटा दाखवतात. ते ऐकावेच, पण एकदा तरी सगळ्यांनी दिवे बंद करून उभे राहावे. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही, तेव्हा इथल्या जीवांचे जगणे थोडेफार उमगते.

त्या जीवांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे डबक्यांत राहणारा, ‘आंधळा मासा’ म्हणून प्रसिद्ध असलेला लोच कुळातला छोटा मासा. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टीस एव्हेझार्डी. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये या जातीचे वर्णन केले ते पुण्याकडच्या माशांवरून! म्हणजे पुण्यात उघड्या ओढ्यांत डोळस वावरणारा मासा बस्तरच्या काळोखात फिका पडला आणि त्याचे डोळे ऱ्हास पावले. सगळ्यांचे सारखे नाही: काहींचे बारीक उरलेले, काहींचे जवळजवळ नाहीसे. उत्क्रांती चालू असताना पाहायला मिळावी असे हे ठिकाण आहे. उजेड पडला की मासा दगडाखाली शिरतो, म्हणून बॅटरी डबक्यावर रोखून धरू नये. भिंतींवर केंपिओला शंकरी हा फिकट, लांबलचक मिशांचा रातकिडा दिसू शकतो. त्याच्या नावातला ‘शंकर’ म्हणजे तिवारीच. वटवाघळेही आहेत, आणि त्यांची विष्ठा इथल्या अन्नसाखळीचा मोठा आधार आहे.

याच उद्यानातल्या दंडक गुहेचा एक धागा थेट महाराष्ट्राच्या इतिहासाला भिडतो. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभाच्या थरांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, पावसाप्रमाणे बदलणाऱ्या प्रमाणावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातल्या मान्सूनचा आलेख मांडला गेला. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस पुन्हा पुन्हा कमी पडल्याच्या खुणा त्यात आहेत. दख्खनमध्ये आजही ज्याचे नाव निघते तो दुर्गादेवीचा दुष्काळ (१३९६–१४०७) याच काळातला. बखरींत आणि लोकांच्या तोंडी उरलेली गोष्ट दगडातही नोंदवलेली सापडावी, यापरता स्तंभ जपण्याचा आणखी कोणता आधार हवा?

म्हणूनच हात न लावण्याचा नियम इथे काटेकोर पाळायला हवा. बोटांचे तेल लागलेल्या जागी चुना नीट धरत नाही आणि वाढ खुंटते. आवाज काढून दाखवण्यासाठी स्तंभांवर टिचक्या मारणे, नावे कोरणे, आठवण म्हणून तुकडा तोडणे यांनी झालेले नुकसान अनेक पिढ्यांत भरून निघत नाही. गर्दीचा श्वास आणि दिव्यांची उष्णताही आतली हवा बदलते. तेव्हा गट लहान असणे पर्यटकाच्या सोयीपेक्षा गुहेच्या गरजेचे आहे. कांगेर घाटीचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढत जाणार.

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, गुहा बंद असते. आत पाणी भरते आणि वाट राहत नाही. याच पुरातून पाने, काटक्या, माती आणि सूक्ष्म जीव आत येतात. पाणी ओसरल्यावर डबक्यांत मागे राहतो तो साठा माशांना पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा असतो.