काटा उतरला, गॅस नाही

हायड्रोजनवर ट्रक आणि बस चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"रात्री टाकी फुल केली होती, सकाळी बघतो तर काटा खाली. कमी भरलंत की टाकी गळतेय?" असे फोन सारखे येतात. बऱ्याचदा तर फोनच्या आधी गाडीच येऊन रांगेत उभी राहते. म्हणून सगळं एकदा कागदावर मांडतोय. ड्रायव्हर बसतात त्या खोलीत हा कागद लावून ठेवा.

गॅस दाबला की तापतो. सायकलला हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तोच प्रकार. टाकी भरताना आतलं तापमान झपाट्यानं चढतं आणि ते 85 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नसतं. भरणं संपल्यावर काटा जो दाब दाखवतो, तो या तापलेल्या गॅसचा असतो. तुमच्या टाक्या 350 बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आहेत खऱ्या, पण हा आकडा 15 अंशांना धरलेला आहे. तेवढाच गॅस 55 अंशांना साधारण 400 बार दाखवतो आणि 85 अंशांना 438. रात्रभर गाडी उभी राहिली, टाकी निवून 25 अंशांवर आली की काटा 360च्या आसपास येतो. चाळीस बार उतरले, किलो मात्र जागच्या जागी आहेत. 1,500 लिटरच्या टाक्यांत रात्री 36 किलो होते, तर सकाळीही 36च आहेत.

तेव्हा बार सोडा, किलो बघा. डॅशबोर्डवर टक्के दिसत असतील तर ते बघा. त्या हिशेबात तापमान धरलेलं असतं. आमच्या पावतीवरही किलोच छापलेले असतात आणि बिल त्यावरच होतं.

"जरा टॉप-अप करून द्या"

सगळ्यांचा वेळ जातो तो इथे. आमच्याकडचा साठा तीन वेगवेगळ्या दाबांच्या बँकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाक्यांच्या संचांमध्ये, असतो. रिकामी गाडी आली की आधी कमी दाबाच्या बँकेतून घेते, मग मधल्या, आणि शेवटचे थोडेच किलो वरच्या बँकेतून. जवळजवळ भरलेल्या गाडीला खालच्या दोन्ही बँका उपयोगाच्या नसतात, ती थेट वरच्या बँकेला हात घालते. अशा दोन-तीन गाड्या लागोपाठ आल्या की वरचा दाब बसतो. तो पुन्हा चढवायला कॉम्प्रेसरला वेळ लागतो आणि तोवर मागची खरोखर रिकामी गाडी पाऊण टाकीवर अडकून पडते. मग तिचा मालक आमच्यावर चिडतो. त्याचं काही चुकत नाही.

शिवाय दोन किलो भरायचे असोत की तीस, नोझल जोडल्यावर गळतीची तपासणी होतेच. "ती राहू द्या हो, घाई आहे," असं आम्हाला रोज ऐकावं लागतं. ती आम्ही गाळत नाही. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी हा गॅस पेटतो, 0.02 मिलिज्यूल एवढीशी ठिणगी त्याला पुरते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळपास दिसतही नाही. ती काही सेकंदांची तपासणी कुणाच्या घाईसाठी सोडून देण्यासारखी नाही.

टाकी पाव उरली की या. पण तळ गाठेपर्यंतही ताणू नका. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या टाकीतला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला तर अस्तराला धोका असतो. ती मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

खरोखर कमी भरलं जातं तेव्हा

असंही होतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा गाडीच्या तोंडाशी असतं. गाडीतली टाकी आपलं तापमान आणि दाब इन्फ्रारेडनं आमच्या नोझलला कळवते. हे कळत असेल तरच आमचं यंत्र भरवशानं शेवटपर्यंत भरतं. टाकीच्या तोंडाशी असलेल्या त्या बारीक काचेवर चिखल किंवा ग्रीस बसलं की संदेश पोहोचत नाही आणि यंत्र सावधपणे आधीच थांबतं. स्वच्छ, कोरड्या फडक्यानं पुसा आणि टोपण लावत जा. टोपण हरवलेल्या गाड्या आम्हाला लांबूनच ओळखू येतात. टोपणं आमच्याकडे ठेवलेली आहेत, मागून घ्या.

गळतीचा संशय असेल तर गाडी न हलवता दोन पहाटे, सारख्याच तापमानाला काटा बघा. थंड टाकीची तुलना थंड टाकीशीच करायची. दुसऱ्या दिवशीही उतरला असेल तर लगेच फोन करा आणि गाडी उघड्यावरच राहू द्या. बंद शेडमध्ये घेऊ नका, कारण गळलेला हायड्रोजन वर जाऊन छताखाली साचतो. वासावर विसंबू नका. एलपीजीत घालतात तसा वासाचा पदार्थ यात घालता येत नाही, त्यानं फ्युएल सेल, म्हणजे गाडीत हायड्रोजनपासून वीज करणारा भाग, खराब होतो. गॅसचा अलार्म वाजला तर मात्र पहाटेची वाट बघायची नाही. गाडी बंद करून माणसं लांब न्या आणि आम्हाला कळवा.

कारखान्याकडून येणारा स्वस्त हायड्रोजन का घेत नाही, असंही विचारलं जातं. गाडीसाठीच्या आयएसओ 14687 मानकात कार्बन मोनॉक्साइडला दहा लाख भागांत फक्त 0.2 भागाची मुभा आहे. त्याहून जास्त गेला तर तो सेलमधल्या प्लॅटिनमला चिकटतो आणि गाडीची ओढ कमी होते. शुद्धतेचा दाखला आम्ही मागितल्यावर देतो.

आणि "स्वच्छ इंधन" म्हणाल तर गाडीच्या धुराड्यातून पाणीच येतं, हे खरं. पण नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाण्यापासून काढायचा तर किलोमागे 50 ते 55 युनिट वीज लागते आणि मग ती वीज कुठली, यावर सगळं ठरतं. आमच्या बिलावर गॅस कशापासून केला ते लिहिलेलं असतं. तुमच्या गिऱ्हाइकांना हिशेब द्यायचा असेल तर ते बिल जपून ठेवा.

गाड्यांचे मार्ग आणि फेऱ्यांच्या वेळा कळवल्यात तर भरण्याचं वेळापत्रक आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पाळी संपली की सगळ्या गाड्या एकदम आल्या, असं मग होत नाही. लांब पल्ला, जड माल आणि मध्ये थांबायला वेळ नाही, अशा गाड्यांना हायड्रोजन परवडतो. दिवसभर जवळपास फिरून रात्री डेपोत उभी राहणारी गाडी असेल तर तिला बॅटरी बरी, हेही वेळापत्रक करतानाच सांगू.