वाड्याचे लाकडी सांधे: आम्ही काय तपासतो, काय करतो

वाडा दाखवताना बहुतेक मालक आधी तुळईकडे बोट दाखवतात, "बघा, केवढी चीर गेलीय." सागाच्या जुन्या तुळईला लांबीच्या दिशेने गेलेली चीर बहुधा लाकूड सुकतानाचीच असते. आत जुना रंग आणि धूळ बसलेली दिसली की आम्ही पुढे सरकतो. चीर तिरपी असेल किंवा टोकापाशी असेल, तर मात्र थांबतो. कारण वाडा सहसा तुळईच्या मध्यावर मोडत नाही, सांध्यात सुटतो. आणि तो सांधा नेमका भिंतीत किंवा हस्ताच्या, म्हणजे खांब आणि तुळईमधल्या आडव्या लाकडी तुकड्याच्या, आड लपलेला असतो.

खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. त्याच्या डोक्यावर कोरलेलं कुसू, म्हणजे पुढे आलेली लाकडी जीभ, हस्तातून वर तुळईच्या भोकात शिरतं. कुठे आडवी खुंटी असते, कुठे नुसतं वरचं ओझंच सगळं जागेवर धरून ठेवतं. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र आटतं-फुगतं. त्यामुळे पन्नास-शंभर पावसाळ्यांनंतर कुसू भोकात थोडं खेळतं. तेवढं चालतं. भार सरळ खाली येतो तोवर सांधा निभावतो. भिंत फुगून तुळईला बाहेर ओढू लागली किंवा जमीन हलली, की निभावत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती ढासळल्या, पण आतला लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला. पुढे अशा घरांसाठी खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्यायचा सल्ला दिला गेला. आम्हीही ते देतो, पण सरसकट नाही.

तपासणी पाण्यापासून सुरू होते. वरच्या मजल्यावरची मोरी, नंतर बांधलेला संडास, सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ. मग हातोडी. चांगलं लाकूड ठणकतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. आर (टोकदार टोचणी) टोचून पाहतो, आर्द्रतामापक लावतो. आकडा 20 टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशीला आमंत्रण आहे. शंका उरली तर बारीक सुईच्या ड्रिलने आतलं लाकूड किती घट्ट आहे ते कळतं. भोक जेमतेम 3 मिलिमीटरचं पडतं. भिंतीतलं टोक पाहायला मात्र गिलावा फोडून दोन-चार विटा काढाव्याच लागतात. नवा रंग दिलेल्या भिंतीला हात लावू देताना लोकांचा जीव वरखाली होतो, त्याला आमचा इलाज नाही.

साताऱ्याकडच्या एका वाड्यात सोप्यावरची (पुढच्या पडवीवरची) तुळई बाहेरून इतकी तेलकट, तुकतुकीत होती की मालक तिच्यावर हात फिरवून दाखवत होते. आमच्या मिस्त्रींनी खुंटी ओढली, तर ती दोन बोटांत आली आणि मागून कॉफीच्या पुडीसारखा भुसा ओघळला. चार बोटं जाडीच्या कुसवाचं बोटभर उरलं होतं. वर मोरी, मोरीचा पाइप भिंतीत गळत होता. ऑइलपेंटमुळे ओल बाहेर पडली नाही.

दुरुस्तीचा आमचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी थांबवायचं, मग ओझं उतरवायचं, मग सांधा. ओझ्याचा हिशेब सोपा आहे. कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या तक्तपोशीवर) 10 सेंटिमीटर मातीचा थर असेल तर एका चौरस मीटरला साधारण 160 किलो भरतात, म्हणजे 3 बाय 4 मीटरच्या खोलीत जवळपास दोन टन. त्यावर 5 सेंटिमीटर मसाला घालून फरशी बसवली की आणखी टनभर चढतं. वर 500 लिटरची टाकी असेल तर अर्धा टन वेगळा.

सांधा नुसता सैल असेल तर सुक्या, कठीण लाकडाची पाचर आणि नवी खुंटी पुरते. कुसू गेलं असेल पण खांब शाबूत असेल, तर दोन्हीकडे खाच घेऊन वेगळं कुसू बसवतो. तुळईचं टोक कुजलं असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून, त्याच जातीचा सुकलेला तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडून बोल्ट घालतो. लांबी आणि बोल्ट इंजिनिअर ठरवतो, मिस्त्री नाही. तुळई उचलायची ती स्क्रू जॅकवर, दिवसाला काही मिलिमीटर. घाई केली तर शेजारच्या खणातला (दोन खांबांमधल्या भागातला) गिलावा तडकतो. टोक भिंतीत परत बसवताना भोवती हवेला फट ठेवतो. कोकणातल्या कामाला पट्ट्या आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच वापरतो.

कुजलेल्या पोकळीत सिमेंट भरून देत नाही, ओल्या लाकडात इपॉक्सीही ओतत नाही. मधोमध लोखंडी चॅनल उभा करून "आता शंभर वर्षं बघायला नको" असं सांगणारे भेटतील. टोकाला कुजत असलेलं लाकूड त्याने कुजायचं थांबत नाही.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. वाडा वारसा यादीत असेल तर परवानगीही लागेल. सांधा उघडून पाहिल्याशिवाय आम्ही पक्का दर सांगत नाही, तपासणीचे पैसे वेगळे. त्या दिवसापुरती वरची टाकी रिकामी ठेवा आणि मोरीच्या भिंतीला लागलेलं कपाट हलवून ठेवा.